माईकशिवायचा आवाज

मंगळवार, खर्डी. दिवेलागण.

माझ्याबरोबर गाणाऱ्या जोसेफचा दात रुमालात बांधून ठेवलाय. कशाला, माहीत नाही. त्याला शहापूरला नेऊन ओठाला टाके घालून आणले.

बारा वर्षं मी ऑपेरात गाते. आवाज जड, म्हणून वाट्याला खून होणाऱ्या बायकांच्या भूमिका येतात. आज पडवीत तालीम चालली होती. जोसेफ माझा गळा धरतो आणि मी किंचाळत गाते, एवढाच प्रसंग. तेवढ्यात शेजारचे तुकादादा चार जणांना घेऊन दांडक्यांसकट आत घुसले. मी मधे पडेपर्यंत जोसेफ जमिनीवर होता, तोंड रक्तानं भरलेलं. एक दांडका माझ्याही खांद्यावर बसला.

"वैनी, आमाला वाटलं त्यो तुमाला मारतोय," शहापूरहून परतल्यावर दादा दारात येऊन म्हणाले. "आमी काय बगत बसू?"

बगत बसू म्हणे! माझा नवरा जिवंत होता तोवर याच पडवीत मला तुडवायचा. तेव्हाही मी अशीच किंचाळायचे. माईकशिवाय शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचणारा आवाज माझा, आणि दादांची-आमची तर भिंत एकच.

रुमाल सोडून तो दात त्यांच्यापुढे धरला. विचारलं, "मग तेव्हा का नाही आलात?"



"त्यो नवरा व्हता, वैनी."