भोंग्यावर घेतलेलं नाव

१२ फेब्रु. १९९४, शनि.
शाळा अर्धा दिवस, दोनच तास शिकवले. संध्या. दादाला ओढून फिल्म सोसायटीच्या शोला नेलं. पोलंडचा सिनेमा. युद्धानंतरचं शहर, वर काचेचं छत, घरोघरी बंद न करता येणारा भोंगा. सरकारी आवाज रोज सांगतो, आज अमके अमके चांगल्या जागी राहायला गेले. लोक टाळ्या वाजवतात. एक मेकॅनिक आवाज शोधत केंद्रात जातो, तर तिथे कुणीच नाही. नुसती टेप फिरतेय. लोकांना येऊन सांगतो तर लोकच त्याला बडवतात. हॉल हसून बेजार. मीही. दादा नाही. खुर्चीचा हात घट्ट धरून बसलेला.

१३, रवि.
दादा जेवला नाही. दुपारी आपण होऊनच बोलायला लागला. आणीबाणीत आत होता, त्याबद्दल आजवर अवाक्षर नाही. वसंता, त्याचा जिवलग मित्र, पलीकडच्या बराकीत तापाने पडलेला. एका सकाळी भोंग्यावर सांगितलं, वसंताची सुटका झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
"सगळ्यात जोरात मी," दादा म्हणाला.
वसंता घरी आलाच नाही, एवढं मला माहीत होतं. टाळ्यांचं आज कळलं.

१६, बुध.
बातम्या लागल्या की दादा अंगणात जाऊन उभा राहतो. म्हणतो, पंचवटीत वसंताच्या आईकडे जायचं. इतकी वर्षं भाजी आणायलाही त्या बाजूला फिरकला नाही. मी म्हटलं, काकूंना आता या वयात कशाला. तो ऐकेना.

२०, रवि.
गेलो. काकू ओट्यावर वाती वळत होत्या. नजर अधू, दादाला आवाजावरून ओळखलं. त्याने सगळं सांगितलं. सिनेमासुद्धा. काकूंनी एकच विचारलं, नाव पूर्ण घेतलं होतं का?
"पूर्ण. वडिलांच्या नावासकट."
"मग सुटला असणार तो."
चेहरा असा उजळला की बघवेना. सोडलं म्हणून तुरुंगवाल्यांनी तेव्हाही सांगितलं होतं. त्यांच्यावर काकूंचा विश्वास बसला नव्हता. दादावर बसला.
येताना पुलावर दादा थांबला. म्हणाला, सुलू, भोंगा खोटं बोलला हे सांगायला गेलो होतो गं, हे नव्हे.

२३, बुध.
शाळेतून आले तर काकू ओसरीवर. रिक्षाने एकट्या आलेल्या. हातात वसंताचा कॉलेजातला फोटो. दादाने सांगावं, आता कसा दिसत असेल. समोरून आला तर ओळखायचा कसा.
मला वाटलं, आता तरी दादा स्पष्ट बोलेल. फोटो त्याने उजेडाकडे धरला.
मग म्हणाला, "कानांपाशी केस पिकले असतील, काकू."
मी चहा टाकायला आत आले. बाहेर दादाचा आवाज चालूच. चष्मा लागला असेल. थोडा वाकला असेल. काकू मध्येच काही विचारतात, तो उत्तर देतो. न अडखळता.
चहा गाळून ठेवलाय. बाहेर जाऊन त्याला थांबवावं, की बोलू द्यावं?