उघड्या डोळ्यांचा फोटो

वकिलातीतल्या पासपोर्टच्या खिडकीमागचे साहेब,

माझ्या तान्ह्या नातीचा फोटो तुम्ही दोनदा परत केलात. डोळे उघडे हवेत, धरणारा हात दिसायला नको! आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरसुद्धा इतक्या कडक नव्हत्या. "अहो, मान धरत नाही ती अजून. सावधान उभी करू का?" मी ओरडले. लेक रडायला लागली. मायदेशी तिचे बाबा, म्हणजे आमचे हे, नातीला बघण्यासाठी जीव धरून होते, आणि पासपोर्टाशिवाय बाळ नेणार कसं?

तुम्ही जेवणाच्या डब्याला झाकण लावून बाहेर आलात. बाकावर पांढरी चादर अंथरून तिला निजवायला सांगितलंत, चादरीचं टोक मला ताणून धरायला लावलंत आणि भर कचेरीत कोंबड्यासारखे आरवलात. कार्टीने टपोरे डोळे उघडले! "आजी, हसू नका, चादर हलतेय," वर मलाच दटावलंत आणि फोटो टिपलात.

हे पत्र पाठवणार नाही. ते आरवणं तुमच्या वरिष्ठांना कळायला नको.

आम्ही वेळेत पोचलो. ह्यांनी तिला छातीवर घेतलं. "नाक माझ्यावर गेलंय," म्हणाले. मी म्हटलं, "काहीतरीच! माझ्यावर." आमचं ते शेवटचं भांडण तुमच्यामुळे झालं, साहेब, आणि मी ते मुद्दाम हरले.

तुमची जन्माची ऋणी,
बाळाची आजी