दोन माणसांची गाडी

प्रताप नगर, नागपूर
८ ऑक्टोबर २०२३

ती. ताईस धाकट्या नत्थूचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तुले ऐकू येत नाही आणि माझं ओरडणं शेजाऱ्यांना सोसत नाही, तेव्हा पत्रच बरं.

गाडीचं विचारलंस. बेसाकडे प्लॉट पाडणाऱ्यांनी मालगुजाराचं जुनं गोदाम तोडलं, तेव्हा कडब्याखाली सापडलेली ती एमजी आता ओळखू येत नाही. सत्तर वर्षांची, बिनटपाची, दोनच माणसांची शर्यतीची गाडी. आणली तेव्हा सीटखालून कोंबडी निघाली होती. हिचा पत्रा लाकडी सांगाड्यावर ठोकलेला असते. तो वाळवीनं खाल्ला होता, मी सागवानाचा नवा केला. एसटीच्या वर्कशॉपमध्ये पस्तीस वर्षं लाल डबे दुरुस्त केले, पण असं नाजूक काम कधी हाती आलं नव्हतं. भारती म्हणते, की अंगणात वड्या वाळवायले जागा उरली नाही. पण पाहुणा आला की आधी त्याले गाडीच दाखवते.

आता फक्त कार्बोरेटर राहिले. दोन आहेत, दोघांनी सारखी हवा ओढली पाहिजे, म्हणून मी रबरी नळी कानाले लावून ऐकत बसतो. दिवाळीत तुले बसवून उमरेडभर फिरवीन.

गुडघ्याले तेल लावत जा. माया आहे तशीच राहू दे.
तुझा नत्थू


उमरेड
१९ नोव्हेंबर २०२३

चि. नत्थूस ताईचे पोटभर आशीर्वाद.

दिवाळी झाली, चकल्या संपल्या, तुझी गाडी काही आली नाही. मी शेजारणींना सांगून बसली होती, की भाऊ शर्यतीच्या गाडीत न्यायले येते. भाऊबीजेले तू आला एसटीनं, तोही भारतीचा हात धरून. गंमत करून राहिली, रागावू नको.

पण एक खरं सांग. ओवाळताना तुझा हात बाजूच्या समईले लागला, तुले ती दिसलीच नव्हती. अन् तुझ्या पत्रातल्या ओळी एकमेकींच्या अंगावर चढून राहिल्या. शाळेत अक्षरासाठी बक्षीस घेणारा तू. माझे कान गेले रे, डोळे शाबूत आहेत. काय लपवून राहिला?

उत्तर लवकर टाक. बहिणीले दूर धरू नको.
तुझी ताई


प्रताप नगर
२७ नोव्हेंबर २०२३

ती. ताईंना भारतीचा शि. सा. न.

तुमचं पत्र वाचून यांनी घडी करून खिशात ठेवलं आणि मले सांगितलं, की चष्म्याचा नंबर बदलला असं कळव. ते खोटं आहे. यांना काचबिंदू झाला आहे. जूनमध्ये कळलं. समोरचं दिसते, बाजूचं सगळं गेलं. कागदाच्या पोंगळीतून पाहावं तसं. डॉक्टर म्हणाले, की गेलेली नजर परत येत नाही, थेंब नेमानं घातले तर उरलेली टिकेल, मात्र गाडी चालवायची नाही. तुम्हाले सांगायचं नाही म्हणून यांनी मले शपथ घातली होती. ती आज मोडली.

ताई, कार्बोरेटर दसऱ्यालेच लागले. इंजिन शिवणयंत्रासारखं चालते. पण हे रोज सकाळी चार नट सैल करतात आणि संध्याकाळी तेच कसतात. गाडी झाली म्हटलं, की ती चालवावी लागेल, म्हणून तिले होऊच देत नाहीत. विकून टाकू म्हटलं, तर ताटावरून उठले. मले काही सुचत नाही.

तुमचा हात पाठीवर असू द्या.
तुमची भारती


उमरेड
५ डिसेंबर २०२३

चि. सौ. भारतीस आशीर्वाद.

शपथ मोडली ते बरं केलं. तुझं पत्र वाचून मी दिवसभर देवापुढून उठली नाही.

माझे कान गेले तेव्हा मी वर्षभर कोणाच्या लग्नाले गेली नाही. लोक बोलतील अन् मी बावळटासारखी पाहत राहीन, ही लाज. शेवटी शेजारच्या यमुताईनं हाताले धरून नेलं, न विचारता. विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं.

म्हणून सांगतो वं, त्याले विचारू नको. स्कुटी तर तुले येते. चार चाकंही शीक.

घाबरली तर मले लिही. जीव लावून राहा.
तुझी ताई


प्रताप नगर
१८ फेब्रुवारी २०२४

ती. ताईस नत्थूचा नमस्कार, वि. वि.

तुले सगळं ठाऊक होतं, हे भारतीनं गेल्या आठवड्यात सांगितलं. दोन दिवस मी तुम्हा दोघींवरही रागावून होतो.

दीड महिना ती योगासनाच्या वर्गाले जातो म्हणून सांगत होती. मी विचार करत होतो, की योगानं हिचा डावाच पाय काहून दुखते. काल सकाळी चहा झाल्यावर ती सरळ गाडीत जाऊन बसली, लायसन माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, की फाटक उघडा. मी म्हटलं, की ही शिकवणीची गाडी नाही, हिचा गिअर हट्टी आहे. ती म्हणाली, की मग बाजूले बसून सांगा. तिनं गिअर समजून हँडब्रेक धरला ताई, म्हणून मी बसलो.

गल्लीत तीनदा बंद पडली. पुढे मी इंजिनाच्या आवाजावरून सांगत गेलो, आता क्लच दाब, आता बदल, आणि ती बदलत गेली. मिहानच्या मोठ्या रस्त्याले लागलो तेव्हा मी सांगायचं थांबवलं, तरी गिअर बरोबर पडला. गाडी झाली, हे मी तेव्हा पहिल्यांदा तोंडानं म्हटलं.

डोळ्यांचं तुले मीच सांगायले पाहिजे होतं. आता बाजूचं काही दिसत नाही, जे पाहायचं त्याच्याकडे पूर्ण तोंड वळवावं लागते. भारतीचे केस उडत होते, ओठ घट्ट मिटले होते, कपाळावर घाम. रस्ता कसा होता ते भारतीले विचार. मी तो पाह्यला नाही.

येत्या रविवारी उमरेडले येतो. सीट दोनच आहेत, तुझी फेरी सुरू असताना मी ओट्यावर बसीन.

रागावली असशील तर चहा पाजून रागाव.
तुझा नत्थू