मुद्दाम उलटी जोडलेली तार

प्रिय अब्बा,

घरात आपण जन्मभर हिंदीच बोललो, पण हे मराठीत लिहिते आहे. भांडण वर्गातलं आहे, वर्गाच्या भाषेतच होऊ द्या. वाचता येत नाही अशी सबब सांगू नका. माझी शाळेतली पुस्तकं माझ्याआधी तुम्हीच वाचून संपवायचे.

गेल्या आठवड्यात तुमचा चाळिसावा दिवस झाला. तेव्हा लिहायला बसले असते तर चांगल्या मुलीनं लिहावं तसं पत्र झालं असतं. तुम्हाला चहात साखर किती लागायची, कूलरच्या पंख्यात बोट गेलं तेव्हा हाताला फडकं गुंडाळून तुम्ही कसे हसत घरी आले, असं सगळं. आता तसं पत्र माझ्याकडून होणार नाही. सोमवारी तुमचं तेच बोट मी परत बघितलं, अब्बा. माझ्या वर्गात, स्मार्ट टीव्हीवर, अख्ख्या दहावीसमोर.

झालं असं. यंदाचे विज्ञानाचे प्रकल्प सुरू करायचे होते. पोट्ट्यांना नमुना दाखवावा म्हणून गेल्या वर्षीचा, हीच पोरं नववीत असतानाचा, अनिकेतचा व्हिडिओ लावला. धानाच्या शेतात बांधीतलं पाणी उतरलं की घरी दिवा लागतो, तो प्रकल्प. तुम्हाला त्याच्याबद्दल मी काय सांगावं! गेल्या वर्षी मी तो मोबाईलवर बघितला होता, वेग दुप्पट करून, कारण तसे चाळीस बघायचे होते आणि गॅसवर भाजी होती. टीव्हीवर तो साध्या वेगानं चालला. मधेच डावीकडून एक हात आला, दोन तारा चिमटीत धरल्या आणि निघून गेला. तर्जनीचं वरचं पेर नसलेला हात.

मी व्हिडिओ मागे नेला. परत लावला. मग मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणालं, "चाचा."

सगळ्या वर्गाला माहीत होतं, अब्बा. एकट्या मलाच नव्हतं.

अनिकेत उभा राहिला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. म्हणाला, "मॅडम, आमची गावची एसटी साडेपाचले राह्यते. तोवर आमी स्टँडजवळ चाचाच्या दुकानातच बसून राह्यतो न. पहिले चाचा नुसतं सांगत होते. मग म्हणत, आण इकडं."

"आणि तू मला सांगितलंस ते? आधी तार उलटी जोडली, दिवा लागला नाही, मग दोन दिवस शोधलं, ते?"

"ते बी चाचानंच पाठ करून घेतलं. म्हणे, तुमची मॅडम चुकीले पाच मार्क देते. एक तार मुद्दाम उलटी जोडून ठेवू, तिच्यासमोर सरळ करजो."

मी खुर्चीवर बसले.

ती पाच मार्कांची गोष्ट तुम्हाला कुठून कळली, हे मी त्या पोराला कशाला विचारू? आपल्याच जेवणाच्या ओट्यावर बसून मी ती गुणांची चौकट तयार केली होती. कल्पनेचे पाच, स्वतःच्या हातानं केल्याचे पाच, प्रश्नांच्या उत्तरांचे पाच, आणि आपली चूक सांगून ती कशी सुधारली याचे पाच. एकूण वीस. विकतच्या थर्माकोलच्या मॉडेलला आळा बसावा म्हणून किती डोकं घातलं होतं मी त्यात! प्रत्येक टप्प्याचा फोटो टाका, व्हिडिओ टाका, म्हणजे काम पोराचं की दुसऱ्याचं ते कळेल. प्रत्येक ओळ तुम्हाला वाचून दाखवली. तुम्ही घास हातात धरून ऐकायचे आणि विचारायचे, "और गलती हुई ही नहीं तो बेटा? पाँच नंबर गए?" मला वाटायचं, चौथीत शाळा सुटलेला माझा बाप किती मन लावून ऐकतो आहे. मी तुम्हाला पेपर फोडून देत होते, हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

आणि तुमच्या जनाज्याला ती पोरं गणवेशात आली होती, फाटकाबाहेर रांगेत उभी. मला भरून आलं. वाटलं, मॅडमच्या घरी दुःख झालं म्हणून आली. मी शाळेत सगळ्यांना सांगतसुद्धा फिरले. ती माझ्यासाठी आलीच नव्हती.

पैसे घेत होते का तुम्ही, हे मी विचारणार नव्हते. अनिकेतनंच सांगितलं, "काई नव्हते घेत. फक्त मार्क किती भेटले ते दुसऱ्या दिवशी सांगा लागत होतं. जास्त भेटले की खुश होत." मग मला आठवलं. निकालाच्या आठवड्यात तुम्ही घरी गुणगुणत यायचे. मी म्हणायचे, अब्बा आज बडे मूड में. तुम्ही म्हणायचे, धंदा अच्छा हुआ.

रेडिओ कोणी दुरुस्त करत नाही आता, टीव्ही बिघडला की लोक नवीन आणतात, हे मला दिसत होतं. दुकानात दिवसभर एखादा मिक्सर नाहीतर चार्जर यायचा. पोट्टे आल्यावर तुम्हाला बरं वाटत असेल. हे सगळं मी समजून घेते. पण ती पोरं माझ्या वर्गातली होती, अब्बा. शहरात आणखी शाळा नव्हत्या का?

आता पायलचं. हे पत्र खरं तर पायलसाठी आहे.

तुम्ही ओळखता तिला. जंगलाला लागून गाव आहे तिचं, दोन वेण्या, बोलते कमी. गेल्या वर्षी तिनं रानडुकरांसाठी भोंगा केला होता. बांधीभोवती दोरी, दोरीला डुकराचा धक्का बसला की दोन पत्रे एकमेकांना लागतात आणि जुन्या स्कूटरचा भोंगा वाजतो. तारांचं झाळण सगळं गाठी-गाठीचं, पत्रा वाकडा. वर्गात तिनं दोरी ओढली. भोंगा वाजला नाही. परत ओढली. नाही.

मी विचारलं, "का नाही वाजला?"

ती म्हणाली, "मालूम नाई, मॅडम."

"काय चुकलं असेल?"

"मालूम नाई."

चूक सांगितली आणि सुधारली, या रकान्यात मी शून्य लिहिलं. स्वतःच्या हातानं केलं, त्याचे दोनच, कारण अनिकेतच्या मॉडेलशेजारी ते फारच ओबडधोबड दिसत होतं. एकूण आठ. अनिकेतला एकोणीस. तालुक्याच्या प्रदर्शनाला तो गेला, बक्षीस घेऊन आला. मी त्याच्यासोबत फोटो काढला आणि तुम्हाला दाखवला. तुम्ही फोटो मोठा करून मॉडेल बघितलं होतं, पोराचा चेहरा नाही. तेव्हाच कळायला हवं होतं मला.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी पायलला थांबवलं. म्हटलं, तूसुद्धा दुकानात बसायचीस?

"बसत होती न. पण माह्या भोंग्याले चाचानं हात नाई लावला. मी म्हटलं, मले बी बनवून द्या. तर म्हणे, त्यायच्या हातात काई नाई म्हणून देतो. तुह्या हातात हाय. तू कर." तिनं हे कसलीही तक्रार नसल्यासारखं सांगितलं. डबा उघडून भात खायला लागली.

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. जे चाळीस व्हिडिओ बघून मला कळलं नाही, ते तुम्हाला दुकानातल्या स्टुलावर बसून कळलं होतं. जिला हात आहे, तिला तुम्ही एकटीला सोडलं. ज्यांना नाही, त्यांच्यामागे तुमचे हात उभे केले. आणि मग तिला माझ्यासमोर पाठवलं, तुमच्याशी स्पर्धा करायला. चाळीस वर्षं झाळण करणाऱ्या माणसाशी चौदा वर्षांच्या पोरीची स्पर्धा, अब्बा, आणि परीक्षक त्याची मुलगी.

यावरही मी तुम्हाला माफ केलं असतं. ते एक जेवण झालं नसतं तर.

गुण दिले त्या दिवशीचं जेवण. मी हसत हसत सांगत होते, "पायल का बजाही नहीं अब्बा. पूछा तो बोलती, मालूम नहीं." तुमचा हात थांबला. तुम्ही म्हणाले, "मालूम नहीं बोली? सच बोली ना." मी म्हटलं, "सच का कॉलम नहीं है चौकट में." माझं मलाच ते फार हुशारीचं वाटलं. तुम्ही माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दाल में नमक कम है," आणि हात धुवायला उठले. अर्धी पोळी ताटात तशीच.

डाळ खारट होती त्या दिवशी. अम्मीनं बोलूनही दाखवलं होतं.

तेव्हा बोलायचं होतं तुम्ही. एवढंच म्हणायचं होतं, बेटा, ते एकोणीस माझे आहेत. मी चिडले असते, चार दिवस बोलले नसते, पण गुणांचं पान तेव्हा उघडं होतं. ऑनलाईन भरायला दोन दिवस बाकी होते. तिचे आठ मला बदलता आले असते. आता ते पान बंद आहे. काऊन नाही बोलले?

मंगळवारी मी मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, वडील आत्ता गेले तुमचे. स्टँडवर जो तो त्यांचं नाव घेऊन राह्यला. कशाले उकरता? पोट्टे विसरतात." मला क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तुमचं नाव झाकून राहिलं असतं आणि माझंही. केबिनच्या दारापर्यंत गेलेसुद्धा मी, विसरून जायचं ठरवून.

बुधवारी प्रकल्पाचे विषय द्यायचे होते. पायलनं पुढे येऊन टेबलावर एक गुंडाळी ठेवली. उघडली तर बाजारातला रंगीत तक्ता, सूर्यमालेचा. कोपऱ्यात दुकानाचा शिक्का.

"हे काय?"

"विकतचं हाय, मॅडम. खोटं नाई सांगत. याले तरी मार्क भेटन."

ती रागानं म्हणाली असती तर सोसलं असतं. ती मला मदत केल्यासारखी म्हणाली.

मग मी वर्गासमोरच बोलले. अनिकेतचं बिंग फुटलंच होतं, माझं फोडलं. म्हटलं, गेल्या वर्षी मी माझ्या वडिलांना एकोणीस दिले आणि पायलला आठ. वडिलांनी मला फसवलं आणि मी पायलला. दुपारी तेच लेखी करून मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवलं. तुमच्या नावासकट. संध्याकाळपर्यंत स्टँडवर गेलं असणार. पानवाल्यानं आज माझ्याकडे बघून मान फिरवली. तुम्हाला वाईट वाटत असेल तर वाटू द्या. मलाही वाटलं.

आज शनिवार. अर्धी शाळा सुटल्यावर पायलला घेऊन दुकान उघडलं. तुम्ही गेल्यापासून शटर वर केलं नव्हतं. आत तुमच्या झाळणाचा वास तसाच. फळीवर दुरुस्तीला आलेल्या वस्तू, प्रत्येकीला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. नाव, काय बिघडलं, कशानं. पंखा, फिरत नाही, कंडेन्सर. इस्त्री, तापत नाही, वायर.

आणि सगळ्यात खाली पायलचा भोंगा. ती म्हणाली, "मी फेकून देला होता, मॅडम. स्टँडच्या मागं." तुम्ही उचलून आणला होता. चिठ्ठी होती त्यालाही, तुमच्या त्या जाड मराठी अक्षरात. पायल. वाजत नाही. कारण मालूम नाही. खाली एक रेघ ओढून, हात लावू नये, तिनेच उघडायचा.

वर्षभर ठेवला होता तुम्ही तो. तिला बोलावलं का नाही मग? लाज वाटत होती का तिची? की माझी?

तिनं तो स्टुलावर घेतला आणि स्क्रू काढायला पेचकस मागितला. दुपारभर बसली होती. मी हात मागे बांधून शेजारी बसले, तोंडही बंद ठेवलं, आणि ते फार कठीण आहे अब्बा. भोंगा अजून वाजलेला नाही. साडेपाचची एसटी लागली तेव्हा ती म्हणाली, "सोमवारी येतो, मॅडम." तक्ता ती परत घेऊन गेली, भावाच्या भिंतीला लावते म्हणाली.

एवढं कबूल करते. दुकान संध्याकाळी उघडं राहील, एसटीची वाट बघणारी पोरं बसतील, अवजारांना हात लावतील, मी कोणाच्या कामाला हात लावणार नाही. व्हिडिओ साध्या वेगानं बघेन. आणि चौकटीत पाच मार्कांचा आणखी एक रकाना झाला आहे, जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांगण्याचा. त्यात पहिलं नाव पायलचं आहे.

निघताना मी एक कोरी चिठ्ठी घेतली, तुमच्याच खोक्यातली. लिहून तुमच्या खुर्चीच्या हाताला बांधली आहे.

अब्बा. मुलीशी खोटं बोलले. कारण मालूम नाही.

तुमची,
रुखसाना