संगीताऐवजी सायन्स

औरंगाबाद, १९७४

ती. बाबांना जनाचा जयभीम.

कॉलेजात नाव घालताना मला ऐच्छिक विषय म्हणून संगीत घ्यायचं होतं. "तुझी माय दवाखान्यावाचून गेली. तू डॉक्टर हो," असं तुमी म्हणालात आणि मी सायन्स घेतलं.

परवा वॉर्डात एक म्हातारी कण्हत होती. तिच्या उशाशी बसून मी मायची ओवी म्हटली, तवा तिचा डोळा लागला. वळून पाहते तर कुरुंद्याहून आलेले तुमी दारात डोळे पुसून राहिले होते.

"जना, तुला गाणंच शिकू द्यायला पाहिजे होतं."

"न्हाई बाबा, मला डॉक्टरीच आवडते."

मी खोटं बोलले. खरं कळलं तर तुमाला घास गोड लागणार न्हाई, म्हणून हे पत्र टाकणार न्हाई.

तुमची लेक,
जना