मोदकांना पाचच जणी

स्प्रिंगफील्ड लेक्स
६ सप्टेंबर २०२०

प्रिय मयूरा,

कशी आहेस? व्हॉट्सअ‍ॅपवर तू मला ब्लॉक केलंस, म्हणून कितीतरी वर्षांनी कुणाला हाताने पत्र लिहितेय. अक्षर अजून तसंच आहे, कोंबडीचे पाय! इकडे सगळे बरे. विक्रांत बेडरूममधून ऑफिस चालवतो, त्यामुळे मला माझ्याच घरात चोरासारखं वावरावं लागतं. वेदच्या दोन आरत्या पाठ झाल्या. अर्थ विचारला की म्हणतो, "नो आयडिया, मम्मा."

उगाच लांबण लावतेय. खरं ते लिहायला हात धजत नाही.

काल कुंपणापाशी शेजारच्या आंटी नोला भेटल्या. त्या अ‍ॅबोरिजिनल, ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांपैकी, पंचाहत्तरीच्या. लॉकडाउनमध्ये त्यांचं सामान मीच आणून द्यायचे. सहज विचारलं, तरुणपणी काय करायचात? म्हणाल्या, "उभी राहायचे." त्यांच्या गावच्या स्विमिंग पूलमध्ये अ‍ॅबोरिजिनल मुलांना बंदी होती. आंटी, त्यांची आई आणि आणखी चार बायका फलक घेऊन दर शनिवारी फाटकाशी उभ्या राहायच्या. असे चौदा शनिवार. लोक अंडी मारायचे.

"त्यांचा राग येत असेल ना?" मी विचारलं. तर म्हणाल्या, त्यांचा नाही. फाटकावर तिकिटं देणारी एक बाई होती, आईच्या ओळखीची. ती अगदी गोड आवाजात सांगायची, "नथिंग पर्सनल, लव्ह. इट्स जस्ट हेल्थ."

मयूरा, हे शब्द मला ओळखीचे वाटले. घरात येऊन फोन उघडला. यंदा तू आपणहून म्हणालीस, "गणपतीला तुझ्याकडे मोदक वळायला येते," त्यावरचा माझा मेसेज तसाच होता. "सॉरी गं, कोविडमुळे मोदकांना पाचच जणी. नथिंग पर्सनल, हेल्थचा प्रश्न आहे."

घरात दहा माणसांची मुभा होती. तुझ्या जागी मी शुभदाला बोलावलं आणि वर सहा जणींचा फोटो आपल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला, इतकी मी बावळट. तुला वाटलं, आमच्या मोदकांच्या घोळक्यातल्या, सोवळं पाळणाऱ्या विमलकाकूंनी तुझं नाव काढायला लावलं. मीही तसंच वाटू दिलं. त्या बिचाऱ्या तर सारख्या विचारत होत्या, "मयूरा कशी नाही आली?"

नाव मी खोडलं. मला कुणीही सांगितलं नव्हतं. युनिव्हर्सिटीत तीन वर्षं आपण एका ताटात जेवलो, आणि नैवेद्य म्हटल्यावर मला तुझी जात आठवली. ती माझ्या मनात कुठे दडून बसली होती, देव जाणे. कालपासून मला माझीच भीती वाटतेय.

आज सकाळी हे सगळं ग्रुपवर लिहिलं, जसंच्या तसं. विक्रांत म्हणाला, "आर यू मॅड? सगळ्यांसमोर कशाला?" शुभदाने तर ग्रुपच सोडला. दुपारी उकड काढली, तुझ्यासाठी एकवीस मोदक केले, डबा भरला.

संध्याकाळी आंटींना विचारलं, ती बाई पुढे कधी माफी मागायला आली का?

"नाही," त्या म्हणाल्या. "पूल सगळ्यांना खुला झाल्यावर दर ख्रिसमसला केक मात्र पाठवायची. तीस वर्षं. आईने कधी तुकडाही तोंडात घातला नाही."

डबा पाठवत नाही. हे पत्र पाठवतेय.

जिने तुझं नाव खोडलं ती,
सुखदा