दोन डिस्कांवरचा अण्णांचा आवाज

अण्णा, तुमचा आवाज आता स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात राहतो. हसू नका. जिथं बसून तुम्ही बियाण्यांच्या जाहिराती टेप करायचे, तिथंच मी स्पीकर लावलेला कॉम्प्युटरचा एक डबा ठेवलाय अन् पुढच्या खोलीतल्या माझ्या क्लासपर्यंत त्याची वायर नेलीय. तुमच्या कॅसेटींना बुरशी धरायला लागली होती, अन् तुमचा दुसरा आवाज आमच्याकडं कुठंच न्हाई. फोटो आहेत, पण फोटोत तुम्ही कुणीतरी साहेब वाटता. जीपवर भोंगा बांधून वडीगोद्रीच्या बाजारात "कापूसवाल्या शेतकरी बंधूंनो" म्हणणारा माणूस त्यात न्हाई. एका उन्हाळ्यात क्लासमधल्या कॉम्प्युटरची डिस्क बसली अन् पोरांचं वर्षभराचं काम गेलं. कॅसेटी मी त्याच कॉम्प्युटरवर उतरवायच्या म्हणत होते. हा आवाज गेला तर तुम्ही दुसऱ्यांदा जाल, असं वाटलं मला.

मंग घरच्या घरी साठवणीचा सर्व्हर करायचं ठरवलं. खर्च झेपेल तेवढाच, म्हणून कुठं हात आखडायचा अन् कुठं न्हाई, हाच खरा घोळ. प्रोसेसर जुनाच घेतला, क्लासमधून काढलेला. त्याला काय, सांभाळायचं अन् मागितलं की द्यायचं. मेमरी जुनी, कॅबिनेटला एक बाजूच न्हाई. पण पॉवर सप्लाय घेताना मी जालन्याच्या दुकानात एकेक हातावर तोलून पाहिला, तुम्ही भोंग्याचं मशीन तोलायचे तसा. हलका असला की आत माल कमी. दुकानदार म्हणतो, "मॅडम, खरबूज घेऊन राह्यल्या का?" म्हटलं, "भाऊ, खरबूज नासलं तर फेकता येतं. हे नासलं तर माझा बाप जातो." त्यानं आतून सगळ्यात जड होता तो काढून दिला. डिस्का मात्र कोऱ्या घेतल्या, दोन, अन् त्याही दोन वेगळ्या दुकानांतून, एकाच खेपेचा माल नको म्हणून. एकीवर उतरेल ते त्याच वेळी दुसरीवर. एक मेली तर दुसरी बोलेल. लाइट कधी जाईल याचा आमच्याकडं भरवसा न्हाई, म्हणून इन्व्हर्टरही लावला.

कॅसेटी उतरवताना पट्टी जागोजागी तुटत गेली. एकदा वाजली ती शेवटचीच. पण मिळालं, अण्णा. पहिल्याच कॅसेटीत तुम्ही माझ्यावर खेकसताय, "ए माय, पंखा बंद कर! शेतकऱ्याला बियाणं इकायचंय, पंखा न्हाई!" मंग पंखा हळूहळू थांबतो, कुणीतरी लहान पोरगी खोकते, ती मी. अन् दर कॅसेटीच्या सुरुवातीला तुम्ही बाहेर ओट्यावरच्या आईला विचारता, "आवाज येतो का?" आई तिथून "येतो" म्हणायची, पण माइकपासून लांब, त्यामुळं टेपात तिची जागा मोकळी. नुसती सरसर ऐकू येते. मंग तुम्ही म्हणायचे, "बरं," अन् जाहिरात सुरू व्हायची.

मी पहिल्यांदा वाजवलं तेव्हा आई ओट्यावर डाळ निवडत होती. आतून तुम्ही विचारलं, "आवाज येतो का?" तिनं मान वर न करता सांगितलं, "येतो." तुम्ही म्हणाले, "बरं." मी बाहेर ओट्यावर आले. म्हटलं, "आई, मशीन आहे ते." तर माझ्यावरच डाफरली, "ठावं हाय मला. येडी झाले का मी? पण माणसानं इचारलं तर सांगावं की. कुणी ओ दिली न्हाई तर ते माणूस तिथंच उभं ऱ्हातं." मंग ते रोजचंच झालं. मी चिडवायचे, जिवंतपणी तरी इतकं बोलला होता का गं तुम्ही दोघं? ती लाजायची, या वयात! एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात येत होती. कधी तिच्या तोंडात सुपारी असायची, उत्तर उशिरा यायचं, अन् त्या दिवशी तुमचं "बरं"सुद्धा उशिराच यायचं. मी मनाशी म्हटलं, प्रोसेसर जुना आहे, अडखळत असेल.

पोळ्यानंतर आई गेली. पाहुणे पांगले त्या दुपारी लाइट न्हवती, इन्व्हर्टर चालू होता, घर खायला उठलं होतं. कुणाचा तरी आवाज हवा म्हणून मी तुम्हाला लावलं. "आवाज येतो का?" मंग सरसर. सरसर चालूच राहिली. अन् एकदम जाहिरात. "बरं" न्हाई. दुसऱ्या कॅसेटीची फाइल लावली, तिसरीची लावली, सगळ्या लावल्या. कुठंच "बरं" न्हाई. मंग दुसरी डिस्क काढून क्लासच्या कॉम्प्युटरला जोडली. तिच्यावरही तेच. फाइलींना पहिल्या दिवसापासून कुणी बोटही लावलेलं न्हाई, तारखा जिथल्या तिथं. एक डिस्क खोटं बोलेल हो, दोन्ही कशा बोलतील? त्यासाठीच तर दोन घेतल्या होत्या. म्हणजे ते "बरं" टेपात कधी न्हवतंच. मंग आई असताना रोज ते कोण म्हणत होतं?

मी स्वतःला समजावते की आठवण अन् आवाज यांची माझ्या डोक्यात खिचडी झाली असेल. तरी रोज पोरं क्लासमधून गेली की मी स्वयंपाकघरात येते अन् तुम्ही विचारता. ओट्यावर कुणी न्हाई. एका शब्दाचं तर काम आहे, अन् तो मला येतो. हे पत्र कोनाड्यापुढं मोठ्यानं वाचलं तर कदाचित पोचेलही. पण वाचणार न्हाई मी, कारण ते उत्तर होईल. भ्याले म्हणून गप्प बसते, असं मी स्वतःलाही सांगत होते, पण ते खरं न्हाई. उत्तर मिळालं की तुम्ही "बरं" म्हणून आपल्या कामाला निघून जाल. अन् तुम्ही तिथंच उभं राहावं, असं मला वाटतं.